फिटिंगच्या चिन्हांचा संच, काही महिन्यांच्या वापरानंतर: दोन आडरेघांमधली जागा

जलवाहिनीच्या आराखड्यांसाठी विकत घेतलेला फिटिंग-चिन्हांचा (जोड, बेंड, व्हॉल्व्ह यांच्या चिन्हांचा) संच आम्ही काही महिने रोज वापरत आहोत. आज लिहायला बसण्याचे कारण मात्र ताजे आहे. साइटवर गेलेल्या ए३ प्रतीवर फ्लँजच्या जोडाची (बोल्टने आवळायच्या चकत्यांच्या जोडाची) दुहेरी आडरेघ एकच जाड रेघ होऊन उमटली. एका आडरेघेचा रूढ अर्थ आट्यांचा जोड असा होतो. १५० मिमीच्या वाहिनीवर आट्यांचा जोड कोणी करत नाही, म्हणून वाचणाऱ्याने तो सॉकेटचा (एक टोक दुसऱ्यात घालायचा) धरला आणि मागणीही सॉकेटच्या टीची, म्हणजे तीन तोंडांच्या तुकड्याची, गेली. टी आली तेव्हा शेजारच्या व्हॉल्व्हची दोन्ही तोंडे फ्लँजची होती. आराखड्यात चूक नव्हती, पडद्यावर दोन रेघा स्वच्छ दिसत होत्या. कागदावर त्यांच्यामधली जागा तेवढी नाहीशी झाली होती.

चिन्हे मापात का काढत नाहीत हे येथील बहुतेक वाचकांना माहीत असेल. १०० मिमीचा फ्लँजचा गेट व्हॉल्व्ह साधारण २० ते २५ सेंटीमीटर लांब असतो, म्हणजे १:५०० च्या शीटवर तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होईल. म्हणून चिन्हाचा आकार जमिनीवर नव्हे, कागदावर ठरवावा लागतो, आणि ऑटोकॅड या रेखाटनाच्या प्रणालीत २००८ च्या आवृत्तीपासून आलेले अ‍ॅनोटेटिव्ह ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायची, कागदावरचे माप राखणारी चिन्हे) हे काम चोख करतात: व्ह्यूपोर्टचे, म्हणजे शीटवरच्या ज्या चौकटीतून आराखडा दिसतो तिचे, स्केल बदलले तरी व्हॉल्व्हचे चिन्ह कागदावर ४ मिमीचेच राहते. या संचातले सगळे ब्लॉक अ‍ॅनोटेटिव्ह आहेत, आणि त्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती ०.६ मिमीबद्दल. संचातल्या फ्लँजच्या दोन आडरेघांच्या मध्यांमधले अंतर ए१ कागदावर ०.६ मिमी आहे आणि रेघेची जाडी ०.२५ मिमी, म्हणजे मधली कोरी जागा ०.३५ मिमी उरते. ए१ वर हे चालून जाते. पण साइटवर ए१ शीट कोणी उलगडत नाही, तेथे ए३ प्रत जाते, आणि ए३ ची प्रत्येक बाजू ए१ च्या बाजूच्या निम्मी असते. ले-आउटवरून (छपाईसाठीच्या मांडणीवरून) ए३ काढताना रेघांची जाडी स्केलप्रमाणे बदलण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर अंतर ०.३ मिमीवर येते आणि जाडी मात्र ०.२५ मिमीच राहते. मधे उरते ०.०५ मिमी. ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपक्यांच्या) छपाईत एक ठिपका सुमारे ०.०४ मिमीचा असतो. म्हणजे फ्लँज आणि आट्यांचा जोड यांच्यातला सगळा फरक शाईच्या एका ठिपक्यावर उभा राहतो, आणि शाई कागदात किंचित पसरतेच.

तो पर्याय निवडला, किंवा ए१ ची पीडीएफ निम्म्या आकारात छापली, तर जाडीही निम्मी होते आणि मधली जागा ०.१७५ मिमी उरते. चांगल्या लेझर प्रिंटरवर एवढी जागा दिसते. त्या प्रतीची फोटोकॉपी काढली, आणि साइटवर ती काढली जातेच, की रेघा पुन्हा एकमेकींना चिकटतात. शिवाय जाडी निम्मी केल्यावर ०.१३ मिमीच्या बारीक रेघा ०.०६५ मिमीच्या होऊन जागोजागी तुटतात. त्यामुळे पर्याय निवडा किंवा सोडा, दोष चिन्हाच्या मापातच राहतो.

तांत्रिक रेखाटनाच्या आयएसओ १२८ या मानकात समांतर रेघांमधली जागा ०.७ मिमीपेक्षा कमी नसावी असे आहे. संच तयार करणाऱ्यांनी हा आकडा पाहिला असता तरी पुरे होते. मी त्यांना मोजमापांसह लिहिले. उत्तर आले की चिन्हे ए१ साठी केलेली आहेत, पूर्ण आकारात छापावीत. पुन्हा लिहिले, दोन्ही प्रतींचे स्कॅन जोडले. तेव्हा सुधारित आवृत्ती पुढे येईल आणि ती वार्षिक नूतनीकरण करणाऱ्यांना मिळेल असे कळवले. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतला मूलभूत दोष दुरुस्त होण्यासाठी पुन्हा पैसे मोजावेत, ही अपेक्षा मला मान्य नाही, आणि हे वाचून संच घेऊ पाहणाऱ्याने हा मुद्दा आधी विचारात घ्यावा असे मला मनापासून वाटते.

दुरुस्ती अखेर ब्लॉक एडिटरमध्ये स्वतःच केली. दोन आडरेघांमधली कोरी जागा १.४ मिमी ठेवली, म्हणजे निम्म्या आकारातही ०.७ मिमी उरते. रेघांची लांबी त्या प्रमाणात वाढवावी लागली, नाहीतर जोडाऐवजी गणितातले बरोबरचे (=) चिन्ह वाटते. ब्लॉकचे नाव तेच ठेवल्याने जुन्या ड्रॉइंगमध्ये ब्लॉकची नवी व्याख्या आणताच त्यातली सगळी चिन्हे बदलली. ब्लॉकमधला व्यासाचा मजकूर, म्हणजे त्याचा अ‍ॅट्रिब्यूट मात्र जागेवरून हलवला होता, आणि जुन्या चिन्हांतही तो नव्या जागी यावा यासाठी प्रत्येक ड्रॉइंगमध्ये अ‍ॅटसिंक चालवावे लागले. अ‍ॅट्रिब्यूटची अक्षरेही २.५ वरून ३.५ मिमीवर नेली, कारण २.५ मिमीचे अक्षर ए३ वर १.२५ मिमीचे होते आणि अक्षरांच्या मानक उंचींमधली सर्वांत लहान उंची १.८ मिमी आहे.

हे करत असताना संचाबद्दलचे माझे मत एका बाबतीत पूर्ण बदलले. प्रत्येक चिन्हाखाली पांढरा वाइपआउट, म्हणजे खालच्या रेघा झाकणारा तुकडा, दिलेला आहे, आणि सुरुवातीला तो मला अजिबात आवडला नव्हता. तो रस्त्याची कड तोडतो, समोच्च रेषा तोडतो, आणि मिळालेल्या टेम्प्लेटमध्ये वाइपआउटफ्रेम या सेटिंगचे मूल्य १ असल्याने प्रत्येक फिटिंगभोवती चौकटही छापली जाते. ते मूल्य २ केले की चौकट पडद्यावर दिसते पण छापली जात नाही. त्यानंतर वाइपआउटचा उपयोग दिसू लागला. व्हॉल्व्हच्या दोन त्रिकोणांमधून वाहिनीची रेघ आरपार गेली तर निम्म्या आकारात त्रिकोण आतून भरल्यासारखे दिसतात, आणि भरलेला व्हॉल्व्ह पुष्कळ ठिकाणी नेहमी बंद ठेवायचा व्हॉल्व्ह म्हणून वाचला जातो. ग्लोब व्हॉल्व्हच्या मधल्या काळ्या ठिपक्याचाही असाच घोटाळा होतो. वाइपआउटमुळे रेघ चिन्हाच्या कडेला थांबते आणि त्रिकोण पोकळ राहतात. मात्र डिस्प्ले ऑर्डरमध्ये चिन्हे वाहिनीच्या वर असली पाहिजेत, आणि प्लॉटरच्या मांडणीत वरची रेघ खालचीला झाकेल असे ठेवले पाहिजे. दोन्ही एकमेकींत मिसळतील असे ठेवले तर खालची रेघ पुन्हा वर उमटते.

याच कारणाने अस्तित्वातल्या सेवा (आधीच जमिनीत असलेल्या वाहिन्या वगैरे) करड्या रंगात दाखवण्याची पद्धत आम्ही सोडली. करडा रंग काळ्या ठिपक्यांच्या जाळीतून छापला जातो आणि त्या जाळीत बारीक आडरेघा विरून जातात. आता सगळे शुद्ध काळ्यात छापतो आणि जुने-नवे हा भेद जाडीने व तुटक रेघेने दाखवतो.

बेंडच्या चिन्हांना मी पूर्ण गुण देईन. ९० आणि ४५ अंशांचे बेंड कोणालाही ओळखू येतात. ११.२५ अंशांचा बेंड वळणाच्या रस्त्यालगत काढला की वाहिनी नुसती वळत गेल्यासारखी दिसते, आणि साइटवर तो कोन सॉकेटच्या जोडांमध्ये थोडा थोडा वाटून टाकण्याचा मोह होतो. मग ना बेंड बसतो, ना त्यामागचा थ्रस्ट ब्लॉक (वळणावर पाण्याचा रेटा पेलणारा काँक्रीटचा ठोकळा). संचात या बेंडच्या दोन्ही टोकांना स्पष्ट खुणा आहेत आणि अंशांचा आकडा चिन्हासोबतच फिरतो, तरी उलटा होत नाही. हे काम बारकाईने केलेले आहे.

टीच्या तिन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असले तर कोणताही संच पुरा पडत नाही. १:५०० वर एक मीटर म्हणजे २ मिमी. त्यात ४ मिमीची तीन चिन्हे मावत नाहीत, ती एकमेकांवर चढतात. तेथे आम्ही नोडवर (जोडबिंदूवर) फक्त क्रमांकाचे वर्तुळ देतो आणि शीटच्या कडेला १:५० चा तपशील काढतो, ज्यात जोडांचे प्रकार खऱ्या क्रमाने दिसतात.

रिड्यूसरचे, म्हणजे मोठ्या व्यासाची वाहिनी लहान व्यासाच्या वाहिनीला जोडणाऱ्या तुकड्याचे, चिन्ह मात्र अजून खटकते. संचात ते व्यासांच्या खऱ्या प्रमाणात काढले आहे, त्यामुळे २०० ते १५० मिमीचा रिड्यूसर ए३ वर जवळजवळ आयत दिसतो आणि लहान तोंड कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. मी सर्व व्यासांसाठी दोन तोंडांचे प्रमाण २:१ ठेवले आहे; खरे व्यास अक्षरांत लिहिलेले असतातच.

दरम्यान सुधारित आवृत्तीचा नमुना पाहायला मिळाला. त्यात फ्लँजच्या रेघांमधली कोरी जागा १ मिमी केली आहे, म्हणजे निम्म्या आकारात ०.५ मिमी. पहिल्यापेक्षा बरीच चांगली, तरीही अपुरी. फक्त ए१ छापणाऱ्या कार्यालयाने हा संच अवश्य घ्यावा. आमच्या शीट ए३ वरच वाचल्या जातात, म्हणून नूतनीकरण मी केलेले नाही आणि जुन्याच आवृत्तीचे दुरुस्त केलेले ब्लॉक वापरत आहे.