कानाच्या आतला मायक्रोफोन: नागपूरच्या उन्हात पारखलेला

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या आतल्या कानात वीज सोडून आवाज पोहोचवणारं यंत्र. त्याचा मायक्रोफोन आज सहसा कानामागच्या प्रोसेसरवर असतो. नागपुरात मे महिन्यात गाडीवरून सीताबर्डीला निघायचं म्हणजे त्यावर आधी दुपट्टा, मग हेल्मेट. कापड घासलं की खरखर, वरून घामाने जाळी बुजते. सगळंच यंत्र शरीरात गेलं तर ही कटकट संपेल खरी, पण घोडं नेमकं मायक्रोफोनपाशी अडलंय.

सर्वांत सोपा पर्याय कानामागच्या कातडीखाली मायक्रोफोन बसवण्याचा. आमच्या लेखी हा सर्वांत कच्चा. वरची कातडी उंच स्वर दाबते, म्हणजे 'स', 'श' पुसट होतात. चावणं, गिळणं, स्वतःचा आवाज हे सगळं हाडातून थेट पोहोचतं. ते वजा करायला कंपन मोजणारा दुसरा सेन्सर जोडतात, त्याने फरक पडतो, पण पुरता नाही. मेलबर्नमध्ये ३ जणांना असं पूर्ण आतलं इम्प्लांट बसवलं होतं. २००८ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार आतल्या मायक्रोफोनवर बोलणं बाहेरच्या प्रोसेसरपेक्षा कमी समजत होतं. आणि दुपट्ट्याची खरखर? ती इथेही आहेच.

दुसरा मार्ग मधल्या कानातला: बाहेरचा मायक्रोफोन सोडा, कानाचा पडदाच वापरा. पडद्याचं कंपन हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांच्या साखळीतून आत जातं. २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एस्टीम हे शरीरात बसणारं श्रवणयंत्र ऐरणीच्या हाडाचं कंपन पिझोइलेक्ट्रिक (वाकलं की वीज देणाऱ्या) सेन्सरने टिपतं आणि रिकिबीला हलवतं. हलवलेलं कंपन सेन्सरकडे परतून शिट्टी वाजू नये म्हणून ऐरणीचा तुकडा कापावा लागतो. यंत्र काढायची वेळ आली तर हाडांची साखळी तुटलेली असते, हे सही करण्यापूर्वी नीट समजून घ्या. कॉक्लियर इम्प्लांट वीज सोडतं, कंपन नाही, त्यामुळे तिथे शिट्टीचा प्रश्नच नाही.

आम्हाला सर्वांत पटलेली रचना एमआयटी आणि मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर यांच्या गटाची, अंबोमाइक. हातोडीच्या दांड्याचं टोक पडद्याला जिथे चिकटतं तिथे ती टेकते. सुमारे ३ मिलिमीटरचा त्रिकोण, जाडी २०० मायक्रॉन, लवचिक सर्किटच्या दोन्ही बाजूंना पीव्हीडीएफ या पिझोइलेक्ट्रिक प्लास्टिकची फिल्म. वाकल्यावर दोन फिल्मचे सिग्नल उलटे येतात आणि बाहेरचा विद्युत गोंगाट सारखाच येतो. एकातून दुसरा वजा केला की गोंगाट जातो, आवाज दुप्पट होतो. साध्या बोलण्याला हे टोक जेमतेम काही नॅनोमीटर हलतं, म्हणून ही वजाबाकी आणि जवळ बसवलेला कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर हवाच. मृतदेहांच्या कानांवर १०० हर्ट्झ ते ७ किलोहर्ट्झ पट्ट्यात स्वतःचा गोंगाट सुमारे ३२ डेसिबल इतका मोजला गेला. कूलरच्या घरघरीपुढे तो काहीच नाही. कानाची बाहेरची पाळी वापरात राहत असल्याने आवाज कुठून आला तेही कळतं.

दोष कुठे? पहिला, दाब. सेन्सर सैल टेकला तर संपर्क सुटतो, घट्ट टेकला तर पडदाच आखडतो. शिवाय सर्दीत किंवा विमान उतरताना पडदा बोलण्याच्या कंपनाच्या हजारो पट सरकतो, तेवढं वाकूनही सेन्सर जागेवर राहायला हवा. दुसरा, ओल. बॅटरी टायटॅनियमच्या डबीत बंद होते, पण सेन्सरला हलायचं असतं, त्याला डबीत कोंडता येत नाही. पॉलिमरच्या लेपातून वाफ वर्षानुवर्षं झिरपते, आणि इम्प्लांट दशकं टिकायला हवं. पीव्हीडीएफला उष्णताही सोसत नाही: १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये त्याचा पिझो गुण जातो, त्यामुळे निर्जंतुकीकरणासाठी इथिलीन ऑक्साइडसारखा थंड मार्ग घ्यावा लागतो.

एक अट मात्र कोणी ठळक सांगत नाही. मधल्या कानातल्या कुठल्याही मायक्रोफोनला धड पडदा आणि हलती हाडं लागतात. कान वाहतो, पडद्याला भोक आहे, पडदा आत ओढला गेलाय, अशांना हा पर्याय जवळपास बंद, आणि आपल्याकडे असे कान कमी नाहीत.

बाजारात काहीही येवो, बाहेरून प्रोसेसर लावायची सोय ठेवली आहे का, ते आधी विचारा. मेलबर्नच्या यंत्रात ती होती. आतला मायक्रोफोन बिघडला तर पुन्हा शस्त्रक्रिया होईपर्यंत ऐकण्याचा तोच मार्ग असतो. ती सोय नसलेलं यंत्र आम्ही सुचवणार नाही.