आत्याचं चित्र: तैलरंगात की जलरंगात?

घरातलं माणूस गेल्यावर त्याचं चित्र आपल्या हातानं करावंसं वाटतं, आणि हौसेनं का होईना ब्रश चालवणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो माध्यमाचा. मी आमच्या आत्याची दोन्ही केली. जलरंगातलं चुलतभावाकडे नेरूळला आहे, तैलरंगातलं आमच्याकडे, ठाण्यात चरईला. दोन्ही भिंतीवर कशी नांदतात हे येता-जाता बघत आलोय, त्यावरून लिहितो. फोटो कॅनव्हासवर छापून वरून जेलचे फटकारे मारून देतात तो पर्याय इथे धरलेला नाही.

जलरंगाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. आत्याचे केस शेवटी पांढरेशुभ्र झाले होते. जलरंगात ते रंगवायचेच नसतात. कागद कोरा सोडायचा, भोवती सावली घालायची, की केस आपोआप उजळतात. तैलरंगात तोच पांढरा वरून लावावा लागतो आणि जरा हात जड पडला की केसांचा टोप होतो. म्हातारी, पातळ झालेली त्वचा, तिच्याखालून दिसणारी निळसर शीर, हेही जलरंगात फार हळुवार उतरतं. हे माध्यम दुय्यम आहे असं कोणी म्हणालं तर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली हळदणकरांची समईवाली आठवावी. सावंतवाडीच्या या चित्रकारानं आपल्याच लेकीला समई घेऊन उभं केलं आणि ते चित्र जलरंगात काढलं. बघणाऱ्यांना ते तैलरंगातलंच वाटतं.

शिवाय वर्षश्राद्ध तोंडावर आलं असेल तर विचारच करायला नको, जलरंगच घ्या. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. पावसाळ्यातल्या ठाण्यात त्याला आणखी वेळ लागतो. बर्न्ट अंबरसारखे मातकट रंग लवकर धरतात, म्हणून खालचा थर मी त्यातच केला. पण काळा आणि अलिझरिन हा गडद लाल रेंगाळतात, आणि आत्याच्या लुगड्याचा काठ नेमका त्याच रंगाचा होता. तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वासही लहान घरात, दमेकरी माणूस असेल तर, सोसवत नाही. आणि तेल पुसलेल्या चिंध्यांचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळे पसरून वाळवा.

तैलरंगाचा मोठा गुण म्हणजे तो घरच्यांचं ऐकतो. आठवणीचं चित्र एकट्याचं नसतंच. काकू येते, म्हणते भुवई इतकी वर नव्हती रे. भाऊ म्हणतो, हसताना तिचा डावा गाल आधी हलायचा. या गोष्टी फोटोत नसतात; मोबाइलनं जवळून काढलेला फोटो तर नाकसुद्धा मोठं करून ठेवतो. कॅनव्हासवर मी खरवडून, पुसून, पुन्हा चढवून हे सगळं घेत गेलो. जलरंगात पापणी एकदा कागदात मुरली की ती तशीच राहते, मग घरातले काहीही म्हणोत.

तरीही माझा कौल यामुळे ठरला नाही. तो ठरवला काचेनं.

जलरंगाला काच लागतेच, आपल्याकडच्या दमट हवेत तर हमखास. काच आणि कागद यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडायला लागतात. इथपर्यंत ठीक. पण नेरूळच्या त्या हॉलमध्ये चित्रासमोर बाल्कनी आहे. आत्याकडे बघावं तर तिच्या कपाळावर ग्रिल, गालावर ट्यूबलाइट, आणि डोळ्यांच्या जागी आपलेच डोळे. इतक्या मायेनं केलेली नजर दिवसातला बराच वेळ दिसतच नाही. मॅट काच लावून पाहिली. चमक गेली, पण अशी काच चित्रापासून जितकी लांब तितकं चित्र धुरकट, आणि फट तर काढता येत नाही. खास लेप दिलेली पारदर्शक काच मिळते, ती छान असते, पण व्यक्तिचित्राच्या मापाला तिची किंमत न परवडणारी निघाली. भिंत बदलायची तर उरली ती दारामागची. आत्याला दारामागे लावणं कोणालाच पटेना.

चरईतल्या चित्रावर काच नाही. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन हॉलभर येतं, दिवे लागतात, तरी आत्या दिसते. गडद भागावर थोडी चमक येते; फ्रेमची वरची बाजू किंचित पुढे झुकवून टांगली की ती बरीचशी जाते.

तुमच्या घरी खिडकी चित्रासमोर नसून बाजूला असेल तर माझा हा आक्षेप कदाचित लागूही होणार नाही. आणखी एक गोष्ट नीट ठरवून घ्या: चित्राला रोज हार घालणार, समोर उदबत्ती लावणार का? तसं असेल तर काचच बरी. ओला हार आणि धूर तैलचित्राला चांगला नाही, काच मात्र ओल्या फडक्यानं पुसता येते. आम्ही हार आत्याच्या फोटोलाच घालतो, चित्र वेगळ्या भिंतीवर ठेवलंय, म्हणून आमचं जमलं.

कॅनव्हासलाही पावसाळा बाधतो. तो सैल पडतो, मागून बुरशी धरू शकतो. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून थोडं अंतर ठेवा, हवा खेळती राहते. जपायचं म्हणून कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. थेट ऊन नको, पण उजेड हवा.

तेव्हा घाई नसेल, वास सोसत असेल आणि घरच्यांनी येऊन चार गोष्टी सांगाव्यात असं वाटत असेल, तर मी तैलरंगाकडेच बोट दाखवीन. फक्त व्हार्निशची घाई करू नका. सहा महिने ते वर्ष थांबा, रंग आतपर्यंत वाळू द्या, आणि मग लावाल ते मॅट लावा. ग्लॉसी लावलंत तर काच टाळून उपयोग काय?