उभा स्टीमर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्हिंटेज कपड्यांचं छोटं ऑनलाइन दुकान सुरू केलं तेव्हा सगळ्यांनी कॅमेरा घे म्हणून सांगितलं. मी स्टीमर घेतला, म्हणजे वाफेने कपड्यांचे चुरगळे सोडवणारं यंत्र. फोटो अजून फोनवरच काढते. या धंद्यात साधारण वीस वर्षांहून जुना कपडा व्हिंटेज धरतात. इतकी वर्षं एकाच घडीत पडलेलं कापड इस्त्रीला दाद देत नाही आणि जास्त दाबलं तर घडीच्या रेघेवर चकाकी येते, ती कायमची.

आधी हातात धरायचा छोटा स्टीमर होता. चार कपड्यांत धापा टाकायचा. हा दांड्याचा, खाली पाण्याची टाकी असलेला. एका टाकीत माझे दहा-बारा कपडे होतात. लोकरीच्या कोटावर तर जादू: कोपरावरचा चुरगळा बघता बघता सुटतो. मखमल मात्र उलट्या बाजूने. सुलट बाजूला तोंड टेकवलं की लव बसते.

एक फुलाफुलांचा फ्रॉक सहा आठवडे पडून होता, कुणी विचारलंही नाही. वाफ देऊन पुन्हा फोटो काढले आणि चार दिवसांत गेला. सगळं श्रेय स्टीमरला देत नाही, कारण तेव्हाच छाती, कंबर, लांबी मोजून टाकली होती. जुन्या लेबलवरचा साइझ आजच्या मापाशी जुळत नाही, हे गिऱ्हाइकाला माझ्याआधी ठाऊक होतं.

आता तक्रार. हा थुंकतो. नळी मध्ये लोंबकळली की वाफेचं पाणी होऊन तिथे साचतं, गुडगुड आवाज येतो आणि पुढच्या क्षणी तोंडातून गरम थेंब उडतात. सुती शर्टावर काही बिघडत नाही. पण दुसऱ्याच महिन्यात एका सॅटिनच्या संध्याकाळच्या ड्रेसवर, अगदी समोर, पाच-सहा थेंब पडले. वाळल्यावर प्रत्येकाचं कडेने गडद वर्तुळ झालं. कापड अ‍ॅसिटेट, म्हणजे रेशमासारखं दिसणारं कृत्रिम कापड निघालं. ड्रेस विकला, पण डागाचा जवळून फोटो टाकून आणि भाव निम्मा करून. आता आवाज आला की नळी सरळ वर उचलून पाणी टाकीत परतू देते आणि पहिली वाफ जुन्या टॉवेलवर सोडते. माहितीपुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही.

त्या दिवसापासून कापड ओळखल्याशिवाय वाफ नाही. अमेरिकेत कपड्यावर धुलाईच्या सूचनेचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या बऱ्याच कपड्यांवर काहीच लिहिलेलं सापडत नाही. मग आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळायचा. कागद जळल्याचा वास आला तर सुती किंवा रेयॉन, केस जळल्याचा आला तर रेशीम किंवा लोकर. धागा वितळून कडक मणी झाला आणि व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट, स्टीमर लांब. टिकल्यांचं तर आणखी वेगळं. १९३०च्या दशकातल्या काही टिकल्या जिलेटिनच्या असत, गरम वाफेत त्या विरघळतात. माझ्याकडे तसा एक ब्लाउज आला होता. त्याला हातही लावला नाही, सपाट ठेवून फोटो काढले.

वाफेने कपडा स्वच्छ होत नाही, हे विकणारे सांगत नाहीत. उलट काखेतला जुना घाम वाफेने जागा होतो. थंड असताना निर्मळ वाटलेलं जाकीट दोन मिनिटांत खोलीभर दरवळलं होतं. हा दोष म्हणू की गुण? मी आता माल आला की आधी काखेवरच वाफ सोडते. वास आलाच तर धुलाई आधी, कारण गरमीने डाग पक्के बसतात. डांबरगोळ्यांच्या वासावर वाफ अजिबात चालत नाही, तिथे सावलीत हवा, आठवडाभर तरी. कसर लागल्याचा संशय असेल तर कपडा पिशवीत बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये.

क्षाराचं पाणी वापरलं तर वाफ मंदावते आणि पांढरे कण उडतात, काळ्या कपड्यावर पडले की झटकत बसा. मी डिस्टिल्ड पाणीच घालते. उंचीला हा बेताचाच, लांब गाऊन जमिनीला टेकतो.

पुन्हा घेईन, पण जाड, ताठ नळीचा बघून. या स्टीमरच्या टाकीच्या झाकणाची क्लिप सहाव्या महिन्यात तुटली. सध्या कपड्याच्या चिमट्याने धरून ठेवलंय, चालतंय.