सर्व्हे मीटर कोणता घ्यावा: जीएम, आयन चेंबर की सिंटिलेटर?

बडोद्याच्या मकरपुरा, वाघोडिया, सावली या पट्ट्यात फॅब्रिकेशन आहे तोवर रेडिओग्राफीला काम आहे. प्रेशर व्हेसल असो, हीट एक्स्चेंजर असो की कोयली रिफायनरीतलं शटडाऊनचं पायपिंग, वेल्ड आला की त्याच्या आरपार किरण सोडून काढलेली फिल्म आलीच. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची आपली मराठी मुलंही या धंद्यात आहेत, आणि त्यांतली काही आता स्वतःची फर्म काढताहेत. कॅमेरा (सोर्स आत ठेवायचं जड कवच) ठरतो, सोर्सची (किरण सोडणाऱ्या किरणोत्सारी तुकड्याची) मागणी जाते, एनक्लोजरचं (किरण अडवणाऱ्या भिंतींच्या खोलीचं) बांधकाम होतं. किरणोत्सार मोजणाऱ्या हातातल्या सर्व्हे मीटरचा नंबर यादीत शेवटी लागतो. 'लायसन्सला लागतो ना, मग स्वस्तातलं कोटेशन घ्या' असं म्हणून विषय मिटतो. मला हे अजिबात पटत नाही. सगळ्या सामानात माणसाला वेळेवर सावध करणारी मुख्य वस्तू हीच. अंगावर लावायचा टीएलडी बॅज शरीराला मिळालेला किरणोत्साराचा डोस सांगतो तो तीन महिन्यांनी, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेल्यावर.

निवड करताना आधी एक आकडेमोड कागदावर मांडा. 30 क्युरीचा (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं एकक) ताजा इरिडियम-192 सोर्स उघडा राहिला तर त्याच्यापासून 1 मीटरवर ताशी साधारण 140 मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) असतात. एईआरबीनं (अणुऊर्जा नियामक मंडळानं) कामगारासाठी ठरवलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट. म्हणजे त्या जागी उभ्या माणसाचा अख्ख्या वर्षाचा कोटा नऊ मिनिटांच्या आत संपतो. अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई होते, या हिशेबानं 12 मीटरवर ताशी 1 मिलिसिव्हर्ट उरतो. आता कॅटलॉगमध्ये बघा. बऱ्याच स्वस्त मीटरची कमाल मर्यादा ताशी 1 मिलिसिव्हर्टच असते. सोर्स बाहेर अडकलाय आणि तुम्ही अजून 12 मीटर लांब आहात, तेवढ्यातच असा मीटर हात टेकतो. जवळ जावं तसं किती वाढतंय, कोणत्या बाजूनं वाढतंय, हे सांगायची त्याची ताकद तिथेच संपलेली असते.

म्हणून माझं पहिलं मत: मीटर रोजच्या आकड्यांवरून निवडू नये, सोर्स कॅमेऱ्याबाहेर अडकेल त्या दिवसावरून निवडावा. असा दिवस येतो. फेब्रुवारी 1999 मध्ये पेरू देशातल्या यानांगोच्या जलविद्युत प्रकल्पावर 37 क्युरीचा इरिडियम सोर्स कॅमेऱ्यातून सुटून खाली पडला. एका वेल्डरनं तो उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि काही तास तसाच वावरला. पुढे त्याचा पाय कापावा लागला. तो चिमुकला तुकडा हाताला चटका देत नाही, डोळ्याला वेगळा दिसत नाही. तो ओळखतो फक्त मीटर.

जीएम ट्यूबचा मीटर

गायगर आणि म्यूलर यांनी, किरण शिरला की विजेचा एक ठोका देणारी ही ट्यूब 1928 साली आजच्या रूपात आणली आणि साईटवर आजही हिचंच राज्य आहे. दणकट, हलकी, किमतीला परवडणारी, चालू केली की लगेच तयार. टकटक आवाज देते, त्यामुळे सतत स्क्रीनकडे बघावं लागत नाही. ब्लोअर आणि ग्राइंडरच्या गोंगाटात मात्र ती टकटक ऐकू येत नाही, तिथे इअरफोन जोडता येतो का ते आधीच विचारा.

हिचे दोष तीन, आणि तिन्ही माहीत असायला हवेत. पहिला म्हणजे मृतकाळ. प्रत्येक ठोक्यानंतर ट्यूब क्षणभर आंधळी होते, साधारण 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास. जत्रेत देवळाच्या दारावर माणसं मोजायला एकाला बसवावं आणि एकदम लोंढा आत घुसावा, तशी तिची गत तीव्र किरणोत्सारात होते. मोजणी अपुरी पडते आणि जुन्या किंवा हलक्या मीटरमध्ये आकडा वर जायच्या ऐवजी खाली येऊ लागतो, कधी थेट शून्यावर. यापेक्षा धोकादायक बिघाड मला माहीत नाही, कारण मीटर 'सुरक्षित' म्हणतो तीच जागा जीव घेणारी असते. चांगल्या मीटरमध्ये यासाठी वेगळी योजना असते: मर्यादा ओलांडली की 'ओव्हर' असं दाखवून तो तिथेच अडून बसतो, खाली येत नाही. पुढे जाताना टकटक वाढत गेली आणि अचानक थांबली, तर जसे आलात तसेच मागे फिरा.

दुसरा दोष ऊर्जेचा. साधी ट्यूब कमी ऊर्जेच्या किरणांना, साधारण 60 ते 100 केईव्हीच्या (किरणांच्या ऊर्जेचं एकक) टप्प्यात, कितीतरी पट जास्त आकडा देते. इरिडियम, कोबाल्ट, सीझियमसाठी धातूची पट्टी गुंडाळलेली 'एनर्जी कॉम्पेन्सेटेड' ट्यूब घेतली की हा प्रश्न बराचसा मिटतो. तिसरा दोष स्पंदांचा. किरण झटक्याझटक्यानं येत असतील, जसे लिनॅक या प्रवेगक यंत्रातून येतात, तर एका झटक्यात हजारो फोटॉन आले तरी ट्यूब एकच ठोका मोजते. तिथे जीएमवर विसंबूच नये.

आयन चेंबर

अचूकपणात आयन चेंबर सरस. हवेत तयार झालेला विद्युतभार तो सरळ मोजतो, त्यामुळे ऊर्जा कमी-जास्त झाली तरी आकडा फारसा ढळत नाही, आणि तीव्र क्षेत्रात तो जीएमसारखा आंधळा होत नाही. एक्स-रे, सीटी, कॅथ लॅब असलेल्या हॉस्पिटलसाठी घ्यायचा असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. फक्त त्यात 'इंटिग्रेट' मोड हवा. एक्स-रेचं एक्स्पोजर सेकंदाच्या काही भागात संपतं, तेवढ्यात डोस-रेटचा (ताशी डोसचा) आकडा वर चढतच नाही. एकूण जमा झालेला डोस वाचता आला तरच त्या मोजणीला अर्थ आहे.

पण साईटवर? चेंबरमधला प्रवाह इतका सूक्ष्म असतो की इन्सुलेटरवर थोडी दमट हवा बसली तरी गळती सुरू होते आणि शून्य सरकायला लागतं. बडोद्याच्या श्रावणात हे सांभाळणं सोपं नाही. बहुतेक चेंबर बाहेरच्या हवेला उघडे असतात, म्हणून तापमान आणि दाबाचाही हिशेब करावा लागतो. मे महिन्याच्या 42 अंशांत हवा विरळ होते आणि 22 अंशांवर कॅलिब्रेट केलेला (माहीत असलेल्या सोर्सवर आकडा जुळवून घेतलेला) मीटर साधारण सहा-सात टक्के कमी दाखवतो. तोच मीटर इंदूर-पीथमपूरच्या कामाला नेला तर साडेपाचशे मीटर उंचीमुळे आणखी सहाएक टक्के जातात. चालू केल्यावर थोडा वेळ थांबून शून्य लावावं लागतं. ताशी काही मायक्रोसिव्हर्टच्या खाली काटा नुसता थरथरतो. किमतीनंही बराच वर. प्लांटच्या शिडीवर रात्री दोन वाजता हेल्परच्या गळ्यात अडकवायची ही वस्तू नव्हे.

सिंटिलेटर

स्फटिकावर किरण पडला की प्रकाशाची ठिणगी उडते आणि ती मोजली जाते. संवेदनशीलता प्रचंड. आपल्याकडे नैसर्गिक किरणोत्सार ताशी 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतो. त्यात झालेली जराशी वाढही हा सेकंदा-दोन सेकंदांत पकडतो. भंगाराचा धंदा किंवा फाउंड्री असेल तर हाच घ्या. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठानं लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट-60 भंगारात फुटला आणि एक माणूस गेला. गेटवर ट्रक तपासायला संवेदनशील मीटर असणं हा अशा प्रसंगावरचा उपाय.

रेडिओग्राफीला मात्र तो चुकीचा, कारण त्याची मर्यादा फार खाली असते. 1987 साली ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात सीझियमचा सोर्स फुटला तेव्हा एका भौतिकशास्त्रज्ञानं युरेनियम शोधायला वापरतात तसा सिंटिलेटर मागवून आणला. वाटेतच चालू केला तर काटा शेवटाला, कुठल्याही दिशेला वळवला तरी शेवटाला. मीटर बिघडला असं वाटून तो बदलून आणायला परत गेला. दुसराही तसाच वागला, तेव्हा खरी परिस्थिती कळली. मीटर ठीक होता, मोजायची गोष्ट त्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. काटा शेवटाला टेकला तर आधी मागे व्हायचं आणि मीटर बिघडल्याची शंका मग घ्यायची, एवढं प्रत्येक नव्या मुलाला शिकवा. सोडियम आयोडाइडचा स्फटिक ओलाव्यानं आणि तापमानाच्या एकदम बदलानं तडकतो. एसीच्या ऑफिसातून थेट उन्हात काढू नका.

काट्याचा की डिजिटल, यावर मी फार अडणार नाही. काट्यात कल लगेच दिसतो, पण गुणक विसरला की घात: काटा 2 वर आणि बटण 100 पटीवर. डिजिटल मीटर आपोआप रेंज बदलतो, पण मायक्रोचा मिली कधी झाला ते लक्षात येत नाही. फर्ममध्ये एक मीटर मिलिराँटजेनचा आणि दुसरा मायक्रोसिव्हर्टचा, असं मुळीच ठेवू नका. 1 मिलिराँटजेन म्हणजे ढोबळ 10 मायक्रोसिव्हर्ट, आणि घाईत हा दसपट फरक हमखास विसरला जातो. रात्रपाळीसाठी बॅकलाइट हवाच.

हातात घेतल्यावर

मीटर उत्तम असला तरी वापर तसा नसेल तर उपयोग नाही. कामाला निघण्याआधी केसिंग, केबल, कॅलिब्रेशनची तारीख बघा. बॅटरी चेक करा, कारण बॅटरी मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. मग मीटर कॅमेऱ्याच्या अंगाला लावा, दरवेळी एकाच ठिकाणी, समजा लॉकच्या वरच्या बाजूला. कवचातूनही थोडे किरण बाहेर येतातच, त्यामुळे कॅमेरा हाच तुमचा चेक सोर्स. तो आकडा वहीत लिहा. इरिडियमचं अर्धायुष्य 74 दिवसांचं, तेव्हा हा आकडा दर आठवड्याला हळूहळू उतरत गेला पाहिजे. एकदम उतरला तर मीटरवर संशय घ्या.

शॉट (एक फिल्म) घेताना क्रँकपाशी, म्हणजे केबलनं सोर्स बाहेर-आत करायच्या हँडलपाशी, मीटर चालू ठेवा आणि आकड्याची चाल ओळखायला शिका. सोर्स कॅमेऱ्यातून निघताना आकडा उसळतो, कॉलिमेटरमध्ये (किरण एकाच दिशेला सोडणाऱ्या कवचात) शिरला की पडतो. परत ओढताना पुन्हा उसळी येते आणि सोर्स कवचात बसला की आकडा शॉटच्या आधी होता तिथे जातो. परतीची उसळी आलीच नाही, किंवा आली आणि आकडा खाली बसला नाही, तर सोर्स आत आलेला नाही. क्रँकचे फेरे पूर्ण भरले, हेल्परनं 'आवी गयो' (आला) म्हणून हाक दिली, तरीही नाही. पिगटेल (सोर्सला केबलशी जोडणारा तुकडा) सुटलं असेल तर केबल रिकामी परत येते आणि क्रँकला त्याचा पत्ता नसतो.

आकडा खाली बसल्यावरही मीटर समोर धरून हळूहळू जा. आधी कॅमेऱ्याची मागची बाजू, मग तोंड, मग गाईड ट्यूब (सोर्स ज्यातून पुढे जातो ती नळी) थेट टोकापर्यंत, आणि मगच फिल्मला हात. डिजिटल मीटर काही सेकंदांची सरासरी काढतो, त्यामुळे भरभर चाललात तर आकडा तुमच्या मागे राहतो. दिवसाच्या पंधराव्या-विसाव्या शॉटला ही तपासणी गाळावीशी वाटते. शिफ्टच्या शेवटी माणूस थकलेला असतो, म्हणून मालकानं स्वतः तेव्हाच जाऊन बघावं. सोर्स अडकलाय असं दिसलं तर मागे व्हा, कॉर्डन (लोकांना अडवायची हद्द) वाढवा, आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला) बोलवा. ट्यूब हलवून बघू नका. मोठी फर्म असेल तर चार मीटर लांब होणारा टेलिस्कोपिक मीटर अशा वेळेसाठी वेगळा ठेवावा.

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मीटर ठेवू नये, डिस्प्ले काळा पडतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पिशवीसह बंद डब्यात ठेवा आणि जेलचा रंग पालटला की बदला. महिनाभर काम नसेल तर सेल काढून ठेवा, सेलमधलं रसायन गळून टर्मिनल खाल्ले जातात. मीटर उंचावरून पडला असेल तर वरून धड दिसला तरी पुन्हा कॅलिब्रेट होईपर्यंत वापरू नये.

कोटेशन मागताना विक्रेत्याला विचारायचं ते हे. कमाल मर्यादा किती. इरिडियमसाठी ताशी 10 मिलिसिव्हर्टच्या खाली मी जाणार नाही. मर्यादेपलीकडे मीटर नेमका काय दाखवतो, हे लेखी द्या. कॅलिब्रेशन एईआरबीमान्य प्रयोगशाळेचं आहे का, कोणत्या सोर्सवर झालं, आणि सगळ्या रेंज तपासल्या की फक्त खालच्या. दुरुस्ती कुठे होते आणि किती आठवडे लागतात. इंटरनेटवर मिळणारे खिशातले गायगर काउंटर यांतल्या बहुतेक प्रश्नांवर गप्प बसतात. शाळेत दाखवायला ते ठीक, सोर्सजवळ नकोत.

एका आयन चेंबरच्या पैशात साईटसाठी मी दोन कॉम्पेन्सेटेड जीएम घेईन. शॉट चालू असताना एक बंद पडला तर दुसऱ्याशिवाय आत जाता येत नाही, आणि एक कॅलिब्रेशनला गेला तर काम थांबत नाही. दोन्हींच्या कॅलिब्रेशनच्या तारखा मात्र एकाच महिन्यात येऊ देऊ नका, मध्ये सहा महिन्यांचं अंतर ठेवा.