प्री-लेयर मॅश: अंड्यावर येणाऱ्या तलंगांसाठी वेगळं पोतं घ्यावं का?

पुरेसे पक्षी असतील तर घ्यावं. प्री-लेयर मॅश म्हणजे ग्रोअर (वाढीच्या वयातलं खाद्य) आणि लेयर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) यांच्या मधलं भरड खाद्य. पण त्याचं काम फक्त दहा ते चौदा दिवसांचं असतं, आणि त्याची किंमत वसूल होते की नाही हे ते कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं यावर ठरतं.

पहिलं अंडं यायच्या दोनेक आठवडे आधी तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा भरू लागतो. पुढे कवचाला कमी पडलं की कोंबडी तिथूनच उचलते. ग्रोअरमध्ये कॅल्शियम साधारण १ टक्का, लेयरमध्ये ३.५ ते ४ आणि प्री-लेयरमध्ये २ ते २.५ टक्के. साठा भरायला ग्रोअर अपुरं पडतं. लेयर फार लवकर दिलं तर जादा कॅल्शियम मूत्रपिंडावर येतं: विष्ठा पातळ, लिटर (खाली अंथरलेला भुसा) ओलं, काही पक्ष्यांना गाऊट (अंगात युरिक आम्ल साचणं). खराब झालेलं मूत्रपिंड पूर्ववत होत नाही. मर बरेचदा काही महिन्यांनी, अंडी भरात असताना लागते आणि तेव्हा खाद्यावर संशय जात नाही.

या पोत्यांबद्दलची मुख्य तक्रार छापील सूचनेची. '१६ ते १८ आठवडे' हे वय बीव्ही ३०० सारख्या पांढऱ्या, अंड्यांसाठीच्या जातीला बरोबर आहे. गिरिराज, वनराज किंवा परसातल्या गावरान तलंगा पाच-सहा महिन्यांना अंड्यावर येतात, दिवस लहान असतील तर आणखी उशिरा. त्यांना सोळाव्या आठवड्याला हे पोतं लावणं म्हणजे पैसे वाया. वय बघू नका, पक्षी बघा. तुरा वाढून लाल होऊ लागला आणि गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या टोकदार हाडांत बोट शिरू लागलं की सुरू करा. दोन बोटं बसत असतील, पाठीवर हात ठेवताच तलंग खाली बसत असेल, तर अंडं अगदी जवळ आलंय. मोठ्या फार्मवर सकाळी खाद्य टाकण्याआधी काही पक्ष्यांचं वजन घ्या. शंभरातले ऐंशी सरासरीच्या दहा टक्के वर-खाली असावेत. वजन मागे असेल तर ग्रोअरच चालू ठेवा, आणि दिव्याचे तासही वाढवू नका. किरकोळ अंगाची तलंग उजेडामुळे अंड्यावर आली की अंडी बारीक राहतात आणि गुदद्वार बाहेर येण्याचा धोका वाढतो.

घेताना पोतं उघडून मूठभर मॅश ताटलीत पसरा. चुनखडीचे २ ते ४ मिमीचे खडे वेगळे दिसले पाहिजेत. कवच मुख्यतः रात्री बनतं. खडे पेषणीत (पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत) राहून हळूहळू विरघळतात, नुसती भुकटी संध्याकाळपर्यंत निघून जाते. खडे व्हिनेगरमध्ये टाका: चुनखडी आणि शिंपला फसफसतात, वाळू तशीच राहते. पावसाळ्यात मका कुबट वासाचा किंवा गुठळ्या झालेला असेल तर पोतं परत करा. बुरशीचं विष यकृत खातं, आणि खाद्य वाळवलं तरी ते जात नाही. घरीही पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

आता हिशेब. या वयात तलंग दिवसाला साधारण ८० ग्रॅम खाते. म्हणजे ५० किलोचं पोतं ४५ पक्ष्यांना दोन आठवडे बरोबर पुरतं. वीस पक्ष्यांना २२–२३ किलो लागतं, उरलेलं पडून शिळं होतं. अशांनी हे पोतं घेऊच नये. चांगल्या कंपनीचं ग्रोअर आणि लेयर निम्मं-निम्मं मिसळलं की कॅल्शियम २.४ टक्क्यांच्या आसपास येतं. नाहीतर ९६ किलो ग्रोअरला ४ किलो चुनखडीचे खडे. खाद्याचे खडे म्हणजे भिंतीला लावायचा चुना नव्हे; तो चोच आणि अन्ननलिका भाजतो. कळपात कोंबडे असतील तर सगळ्यांना ग्रोअर आणि शिंपला वेगळ्या भांड्यात. माद्या गरजेपुरता खातात.

थांबवायची खूण: शंभर पक्ष्यांमागे रोज पाच अंडी. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि खाल्लेल्यातलं जेमतेम निम्मं अंगी लागतं, म्हणजे पोटात ४ ग्रॅम जायला हवं. प्री-लेयर ८५ ग्रॅम खाऊन २ ग्रॅमच मिळतं. उरलेलं हाडांतून निघतं: आधी पातळ कवच, मग बिनकवचाची अंडी, आणि पिंजऱ्यातल्या कोंबड्या पाय टाकून बसतात. 'पोतं संपवून मग बदलू' म्हणून आठवडे लांबवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

लेयरवर येताना तीन-चार दिवस मिसळत न्या, एकदम बदललं तर खाणं घटतं. आणि उरलेल्या ग्रोअरच्या पोत्याचं लेबल वाचा: त्यात कॉक्सीवरचं (रक्ती हगवणीवरचं) औषध असेल तर ते मिसळायलाही वापरू नका. औषधाचा अंश अंड्यात उतरतो.