विमानाच्या लाल रंगापायी १७,२२४ रुपये गेले

राजेहो, लिहायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर मला फसवणारा माणूस उद्या आणखी कोणाला गाठेल. माझे १७,२२४ रुपये गेले, सोयाबीनच्या चुकाऱ्यातले.

मला माक्की एम.सी. ७२ या विमानाचं स्केल मॉडेल बनवायचं होतं, खऱ्याच्या १/४८ आकारात. इटलीचं लाल सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, १९३४ मध्ये पायलट अजेलोनं त्यात ताशी ७०९ किमीचा रेकॉर्ड केला, पिस्टन इंजिनच्या सीप्लेनमध्ये तो आजवर कोणी मोडला नाही. त्याचा लाल नेमका कोणता यातच माझे तीन महिने गेले, कारण जुन्या काळ्या-पांढऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, फोटोत काळपट येतो. प्लास्टिकच्या चमच्यांवर अकरा शेड मारून पाहिल्या, पांढऱ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या थरावर, तोच लाल उजळतो, ग्रेवर मरतो. अशात एकाचा व्हॉट्सॲप आला, मॉडेलच्या सुट्या भागांचा रेझिन किट आणि सोबत म्युझियममधल्या खऱ्या विमानावरून मॅच केलेल्या लॅकर रंगांचा सेट. ८,४०० भरले. मग कुरिअरचे ६५०. मग "सर, पार्सल कस्टममध्ये अडकलं" म्हणून ३,१७५, अन् शेवटी "रिफंडेबल इन्शुरन्स" ४,९९९. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, ब्लॉक.

कस्टमची ड्युटी कोणाच्या खाजगी यूपीआयवर भरत नसतात, हे लिहून ठेवा.

जीव जळतो तो एका रात्रीसाठी. कस्टमचे पैसे भरायच्या आदल्या रात्री त्यानं कलर चार्ट पाठवला, मी झूम करून पाहिला तर पंख पूर्ण लाल! अरे, त्या विमानाच्या पंखांवर इंजिन थंड ठेवायचे रेडिएटर पसरलेले आहेत, ते पितळी दिसतात, अन् नाकावर एकामागं एक दोन प्रोपेलर, उलट दिशांनी फिरणारे. चार्टात एकच. खरं विमान पाहणारा माणूस हे कसा चुकेल? मी बायकोला दाखवलं, ती म्हणाली, "अहो, मग विचारा ना त्याले." नाही विचारलं. आधीचे ९,०५० बुडतील ही भीती होती. मी अडाणी नाही, वीस वर्षं मॉडेल बनवतो, पण नागपूर पालथं घालूनही असा किट मिळत नाही, तर माणूस फोनवरच्या शब्दावर भरवसा ठेवणार नाही तर काय करणार?

लॅकर पेटणारा माल आहे, तो साध्या विमान पार्सलनं जात नाही. "चार दिवसांत बाय एअर" म्हणाला तिथंच फोन ठेवायला पाहिजे होता.

बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकला ना", विषय संपला. ठाण्यात जमादार म्हणतात, "काहून हो, खेळण्यासाठी सतरा हजार?" चार लोकांसमोर. अर्जावर त्यांनी "खेळण्यातले विमान" लिहिलं, मी स्केल मॉडेल लिहा म्हटलं तर पेनच खाली ठेवला. मग साहेब मीटिंगमध्ये, मग सर्व्हर बंद, मग जिल्ह्याला जा, तिथं म्हणतात तुमच्याच ठाण्यात जा. एसटीनं तीन चकरा, तीन दिवसांची मजुरी बुडाली, अन् हाती काय, तर तक्रारीची एक पुसट झेरॉक्स! चोराला एक फोन तरी लावला का यांनी? पैसे जाताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी लाजेपायी चार दिवस घालवले.

"म्युझियम मॅच" लाल रंगाचा मेसेज कोणाला आला असेल तर स्क्रीनशॉट पाठवा, तक्रारीला जोडतो.