सुटे ठसे की जुळवलेली ओळ?
पोळ्याआधी बैलाच्या चामडी गळपट्ट्यावर नाव उमटवायचं तर एकेका अक्षराचे सुटे ठसे स्वस्त पडतात, पण ओळ वाकडी होते. मागच्या पोळ्यात माझ्या 'सर्जा'चा काना खाली घसरला. बैलाला काय त्याचं, हसलं गाव! आता चामडं भिजवून, सुकताना मूळ रंग जवळजवळ परत आला की कंपासानं हलकी रेघ ओढतो, तिच्यालगत पोलादी पट्टी ठेवतो, ठसा तिला टेकवून मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे ठोकत जातो. वेळ खातं.

पितळी खिळे, म्हणजे छपाईसारखी सुटी अक्षरं, चौकटीत उलटे जुळवून दाबले की ओळ सरळच. पण तिथे हातोडी चालत नाही, दाबयंत्र लागतं. नाहीतर कडेची अक्षरं पुसट. दोन बैलांसाठी कशाला? मी सुटेच वापरतो. चामडं मात्र बाभळीच्या सालीनं कमावलेलं घ्या, क्रोमच्या रसायनानं कमावलेलं ठसा नीट धरत नाही.